डोंगरातलं बांबूचं बन

दुबईत येऊन मला अकरा दिवस झाले होते आणि ते सगळे मी नवऱ्याचं डोकं खाण्यात घालवले होते. कधी जायचं, कधी जायचं. शेजारणींना वाटायचं, नवी नवरी आहे, हिला फिरायची हौस आहे. हौस कसली डोंबलाची. मला माझ्या भावाला गाठायचं होतं.

भाई सहा वर्षांपूर्वी रत्नागिरीचं घर सोडून लाँचने इकडे आला तो माझ्यामुळे. सांगूनच टाकते, लपवून काय उपयोग. मी बारा वर्षांची होते. खाडीपलीकडच्या एका मुलीला द्यायला त्याने माझ्याजवळ चिठ्ठी दिली. आदल्याच दिवशी त्याने मला उरुसाला न्यायचं टाळलं होतं आणि माझा राग नाकावर होता. मी चिठ्ठी सरळ अब्बांच्या हातात नेऊन दिली. पंधरा दिवसांत त्या मुलीचा निकाह दुसरीकडे झाला.

आमच्यात दर्यावर निघणारा माणूस घरोघर जाऊन 'कहासुना माफ' करून घेतो. झाल्यागेल्याची माफी मागतो आणि देतोही. भाई सगळ्यांकडे गेला, अब्बांच्याही पाया पडला. मला तेवढं वगळलं. नंतर त्याची पत्रं यायची, त्यात शेजारच्या म्हातारीला सलाम असायचा, माझं नाव नसायचं. माझं लग्न दुबईच्या मुलाशी ठरलं तेव्हा मी नवऱ्याचा फोटोसुद्धा नीट बघितला नाही. मनात एकच, आता भाईकडून माफी मिळवायचीच.

भाई डोंगरातल्या एका खजुराच्या बागेत पाण्याचा पंप चालवतो, हे नवऱ्याने शोधून काढलं. तिकडे लँडरोव्हर घेऊन जाणारा एक म्हातारा अरब होता. तरुणपणी गलबतावरून मुंबईला खेपा मारलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. आठवडाभर माल न्यायचा आणि शुक्रवारी आमच्यासारख्यांना फिरवून आणायचा. तिकडे 'बांबू का जंगल' आहे, जुनं गाव आहे, असं तो रंगवून सांगायचा. बांबू ऐकूनच आमच्या शेजारणींतल्या मुरूडच्या खाला, म्हणजे मावशी, पाघळल्या. "अगो, कळकाचं बेट बघून तीन वर्षं झाली," म्हणाल्या. नवऱ्याने सोमवारीच त्या म्हाताऱ्याबरोबर भाईला निरोप धाडला: बहीण शुक्रवारी येतेय, तिला माफी मागायची आहे.

शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली आणि आम्ही निघालो, खालाही बरोबर. रस्ता नव्हताच. वाळू, मग खडी, मग कोरड्या नदीचं पात्र. म्हातारा जागोजागी गाडी थांबवायचा. हा बुरूज बघा, ही विहीर बघा, इथे अमक्या टोळीने तमक्या टोळीचे उंट पळवले. मला ते उंट आणि ती टोळी दोन्ही खड्ड्यात घालावीशी वाटत होती. मी बुरख्याची गाठ सोडत होते, बांधत होते. "किती राहिलं?" असं मी इतक्यांदा विचारलं की नवरा म्हणाला, "आता विचारशील तर उतरून चालत जा." मी खरंच दाराला हात घातला.

दुपार व्हायच्या आत पोचलो. बन कसलं, पाण्याच्या कडेला पुरुषभर उंचीचे देवनळ दाटीने उभे होते. खालांनी एक नळ वाकवून बघितला, तो पोकळ कट्कन मोडला. "हा बांबू? याची साधी सुपली होणार नाही," त्या म्हणाल्या. म्हातारा रुसला. याच नळांची छपरं आमच्या गावात आहेत, चला दाखवतो, म्हणून हट्टाला पेटला. मी नवऱ्याला म्हटलं, आधी बागेत चला. पंपाची धडधड इथवर ऐकू येत होती. "नमाज, मग जेवण, मग जाऊ," ते म्हणाले. "भाई कुठे पळून जातोय?" पुरुष नमाजेला गेले, खाला सावलीला आडव्या झाल्या. मी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उचलला आणि आवाजाच्या रोखाने निघाले.

भाषेची भीती मला नव्हती. कुराण दोनदा खतम केलेली मुलगी, मला अरबी येते असा माझा तोरा होता. बागेच्या कुडाशी एक बाई बकऱ्यांना चारा घालत होती, तोंडावर निळसर चकचकीत मुखवटा. मी भाईचं नाव घेतलं. छातीवर हात ठेवून म्हटलं, "उख्त." बहीण. तिला कळलं. मग मी दोन्ही हात जोडले, कान पकडले, डोळ्यांत पाणी आलंच होतं. तिने पंपाच्या खोपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेने म्हणाली, "माफी." मला वाटलं, चुकून ऐकलं. मी पुन्हा त्याचं नाव घेतलं. तिने तळवे उघडे केले, मान हलवली, "माफी, माफी."

मी तिथेच हमसाहमशी रडले. भाईने माफ केलं होतं. समोर यायला त्याला जड जात असेल, म्हणून हिच्याजवळ सांगून ठेवलं असेल. त्याचा स्वभाव मला माहीत नाही का? मी तिचे हात डोळ्यांना लावले, डबा तिच्याकडे दिला, परत त्याचं नाव घेतलं. ती बिचारी गोंधळली, पण डबा घेतला तिने. परत आले तेव्हा मला सणकून भूक लागली होती. सहा वर्षांत असं जेवले नव्हते.

नवरा मात्र नमाजेहून आला तो परत निघायच्या घाईतच. बागेत जायचं नावही काढेना. गाडी परत निघाल्यावर मीच म्हटलं, "मी जाऊन आले. भाईने माफी दिली."

"भेटला?"

"नाही. त्या बागवानाच्या बाईजवळ सांगून ठेवलं होतं. माफी, माफी, दोनदा म्हणाली."

खालांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. नवऱ्याने माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. "अगं," ते म्हणाले, "इकडच्या अरबीत माफी म्हणजे नाही, काही नाही. दुकानात साखर संपली तरी माफीच म्हणतात. भाई तिथे नाही, असं सांगत होती ती. मशिदीत मला कळलं. मंगळवारी सकाळीच काम सोडून गेला, पंपावर आता दुसराच माणूस आहे. कुठे, कुणाला ठाऊक नाही."

सोमवारी निरोप मिळाला होता. मंगळवारी गेला. मी बुरख्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग नवऱ्याला म्हटलं, "याला विचारा, निरोप ऐकल्यावर भाई काय बोलला. एखादा शब्द. जे असेल ते."

त्यांनी अरबीत विचारलं. म्हाताऱ्याने गाडी हळू केली, आठवून पाहिलं.

"माफी," तो म्हणाला. या खेपेला मला कुणी अर्थ सांगितला नाही.