मनुबाईनं घेतलेलं नाव

सांगलीत घरोघरी जाऊन आजारी माणसांची सेवा करणाऱ्या बायकांना मी कामापुरतं इंग्रजी शिकवते. मनुबाई वर्गात सगळ्यात हुशार, आणि माझं डोकं खाण्यातही तीच पहिली. 'डोन्ट वरी, आय अ‍ॅम हिअर' असं म्हणायची की ऐकत राहावं! परीक्षा पास झाली की तिला परदेशी राहणाऱ्यांच्या आईबापांकडे कायमचं काम मिळणार होतं. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर परत राबायची वेळ येणार नव्हती.

अडलं ते नावाशी. गोळी देण्याआधी पेशंटचं नाव मोठ्यानं घ्यायचं, हा नियम; एकाची गोळी दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. परीक्षेचं कार्ड सरावासाठी आधीच हातात आलं होतं; त्यावरचा पेशंट होता मिस्टर गुंडा. आणि मनुबाईच्या नवऱ्याचं नावही गुंडाच.

"मिस्टर... हे," असं म्हणून ती पदर तोंडाला लावायची.

"उखाण्यात घ्या की!" शेजारच्या बाकावरची नूरजहां चिडवायची. वर्ग खिदळायचा. माझा मात्र संताप व्हायचा. तिला टाकून खंडाळ्यात दुसरा संसार थाटणाऱ्या माणसाचं नाव कसलं जपायचं?

"अहो, तो तुम्हाला विचारतो तरी का?" एकदा मी ओरडलेच.

"आवं बाई, त्येनं रीत सोडली म्हून मी बी सोडू व्हय?"

कार्डावरचं नाव बदला, म्हणून मी परीक्षकांच्या हातापाया पडले. कार्डं पुण्याहून छापून येतात, म्हणाले.

परीक्षेला आमचा शिपाई धुळा पेशंट होऊन खाटेवर पडला. मनुबाई गोळी म्हणून पेपरमिंट घेऊन उभी राहिली. पदर पुन्हा तोंडाशी गेला. परीक्षक घड्याळ बघायला लागले. मी मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

आणि तिनं नाव घेतलं.

"मिस्टर गुंडा!" बाहेरची माणसं खिडकीशी आली, एवढ्या मोठ्यानं. मग ती थांबेचना. "सिट अप! लुक अ‍ॅट मी! व्हेअर आर यू गोइंग? ओपन युवर माउथ! टेल मी!" सगळी मीच शिकवलेली वाक्यं, एकातही चूक नाही. धुळानं घाबरून पेपरमिंट तशीच गिळली.

निकाल तिथंच सांगितला. इंग्रजी उत्तम, पेशंटशी वागणूक उद्धट, नापास. मी रडकुंडीला आले.

मनुबाईनं डोळे पुसले.

"जाती पुन्यांदा शेडवर," ती म्हणाली. "पर बाई, खाटंवर धुळा नगं हुता. त्यो पायजे हुता."