हिरव्या बाजूचा बिल्ला

निघायच्या आदल्या दिवशी मी पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्या पेढ्यांनीच माझा घात केला. इराकच्या दक्षिणेला, वाळवंटातल्या एका गॅस प्रकल्पावर मला दोन वर्षांचं काम मिळालं होतं. काम कंप्रेसरच्या देखभालीचं, म्हणजे शेंद्र्याच्या कारखान्यात मी अठरा वर्षं करत आलो तेच. पण नाव परदेशाचं. सासरे चिकलठाण्याच्या विमानतळावर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मे महिन्यात शाल! मी ती मुंबईपर्यंत काढली नाही.

सोबत दत्ता कदम होता. आमच्याच कारखान्यातला फिटर, शेंद्र्याच्या पलीकडच्या खेड्यातला. सकाळी शेताला पाणी देऊन पाळीवर येणारा माणूस. मी त्याला कदम म्हणतो, तो मला जोशीबुवा. पहिल्यांदाच विमानात बसला होता, पण घाबरलो होतो मी. तो ढगांकडे बघून म्हणाला, "कापूस पिंजून ठिवल्यावानी दिसतंय," आणि झोपून गेला.

बसऱ्याच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तसा वारा तोंडावर आला. स्वागताला उभ्या असलेल्या माणसाने आधी आमचे पासपोर्ट घेतले आणि मग प्रत्येकाच्या अंगात गोळी अडवणारं जाकीट चढवलं. त्याच्या वजनाने माझे खांदे खाली आले. चिलखती गाडीच्या खिडकीची काच तळहाताएवढी जाड होती. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, दोन्हींत बंदुका. शाल कुठे ठेवावी तेच मला कळेना.

आमच्या गाडीचा चालक अबू हैदर मात्र मजेत होता. तिकडे माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू हैदर म्हणजे हैदरचा बाप. माझा चेहरा आरशात बघून तो म्हणाला, "माकू मुश्किला" (काही अडचण नाही).

"मुश्किल नाय म्हणतोय," कदमने मला समजावलं. "आपलीच भाषा हाय की!"

दोन तास सपाट माळ. झाड नाही, जनावर नाही, लांबवर फक्त गॅस जळण्याच्या ज्वाळा. मग एकाएकी भिंत आली. सिमेंटची, दोन मजले उंच, वर तारांची वेटोळी आणि टेहळणीचे मनोरे. कदमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "वेरूळला डोंगर खोदून आतून देव काढले," तो म्हणाला. "हितं मैदानात डोंगर उभा केला, अन् आत कोण? तर आपण."

आत गेल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. मग एक फॉर्म भरायला दिला. नाव, रक्तगट, आणि खाली एक रिकामी ओळ: असा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर फक्त तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, हे कशाला? सुरक्षाप्रमुख गुरुंग, नेपाळी, फौजेतून निवृत्त झालेला, शांतपणे म्हणाला, "कोई उठाके ले गया, तो पता चले आप जिंदा हो." माझ्या हातातलं पेन थांबलं. कदमने मात्र लिहून टाकलं: आमच्या पहिल्या बैलाचं नाव काय? माझ्याकडे बैल नव्हता. मला अर्धा तास लागला.

तिथल्या दिवसाचं सांगतो. पहाटे चारला उठायचं, पाचला कामावर, कारण बारानंतर उन्हात पाना हातात धरवत नाही. भोजनगृहात बांगलादेशातल्या चट्टग्रामचा आचारी डाळभात करायचा आणि त्यासोबत समून (दोन्ही टोकांना निमुळता पाव) असायचा. अबू हैदर इस्तिकानमध्ये (कमरेत बारीक, चिमुकला काचेचा पेला) काळा चहा द्यायचा. तळाशी बोटभर साखर. राहायला पत्र्याची खोली, तिच्याभोवती वाळूच्या गोण्या. फिरायला भिंतीच्या आतून एक चक्कर, अकराशे पावलं. पहिल्या आठवड्यात मी बायकोला फोनवर सांगितलं, "सगळं छान आहे." मग गोण्यांकडे बघत बसलो.

आणि बिल्ला. ज्याच्या त्याच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला असायचा. प्रकल्पाच्या फाटकावर एक फळा होता, अर्धा लाल, अर्धा हिरवा. आत कामाला जाताना बिल्ला लाल बाजूला अडकवायचा, बाहेर आलं की हिरव्या. तिथला गॅस विषारी. भोंगा वाजला आणि आत अडकलात, तर पळायचं नाही. आतल्या लहान केबिनमध्ये शिरायचं, दार घट्ट लावायचं, हवेची बाटली तोंडाला लावायची. बाटली दहा मिनिटं पुरते. "लाल में बिल्ला है, तो हम आयेंगे," गुरुंग म्हणाला होता. "लाल खाली है, तो अंदर कोई नहीं." एवढा साधा नियम होता.

आता शेंद्र्याचं सांगायला हवं. आमच्या कारखान्यात हजेरीच्या मशीनपाशी जो आधी पोचतो, तो चौघांची कार्डं पंच करतो. कुणाची गाडी पंक्चर, कुणाच्या पोरीची शाळा, कुणाच्या शेतात लाइट आत्ताच आलेली. अठरा वर्षांत याला कुणी लबाडी म्हटलं नाही. नाही म्हणणाऱ्यालाच लोक नावं ठेवायचे.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. बाराला सगळ्यांनी बाहेर यायचं हा नियम. उशीर झाला तर लेखी ताकीद, दुसऱ्या ताकिदीला घरचं तिकीट. कदमला एक ताकीद मिळालेली होती. त्या दिवशी बाराला पाच कमी असताना तो कंप्रेसरजवळ बसून म्हणाला, "जोशीबुवा, तुम्ही व्हा म्होरं. ह्या बोल्टला पाव फेरा द्यायचा राहिलाय, मनाला पटंना. माझा बिल्ला फिरवा तेवढा."

मी फिरवला. विचारसुद्धा केला नाही. फाटकावरचा पहारेकरी तेव्हा पाठमोरा होता आणि माझ्या हाताला अठरा वर्षांची सवय होती. आमच्या दोघांत एकच वॉकीटॉकी होती, ती माझ्या कमरेला.

मी बाहेर आलो, हात धुतले, आणि भोंगा वाजला.

सगळे निवाऱ्याच्या खोलीत धावलो. जाड दार, खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ. गुरुंग फळा बघून आला, दार लावलं आणि म्हणाला, "लाल खाली. सब हाजिर." पलीकडच्या कोपऱ्यात अबू हैदर हात वर करून पुटपुटत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं, ते लिहायची मला लाज वाटते. बोललो तर दोघांनाही घरी पाठवतील. पुंडलिकनगरात दोन महिन्यांत परत! शाल घालणारे सासरे, पेढे खाल्लेले शेजारी. मग मला वाटलं, कदम आला असेल बाहेर, गर्दीत मागे असेल. मी मान वळवून शोधलं. नव्हता. मग वाटलं, भोंगा आत्ता थांबेल. थांबला नाही. मी घड्याळाकडे बघत होतो. मिनिटकाटा चार रेघा पुढे गेला तेव्हा माझं तोंड उघडलं. "कदम अंदर है. बिल्ला मैंने फिराया."

गुरुंग ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "कब से मालूम है?"

"अभी याद आया," मी म्हणालो.

तो तोंडावर मुखवटा चढवून स्वतः आत गेला, सोबत एक माणूस घेऊन. त्या दोघांनाही घरी बायकामुलं होती, हे मला दार बंद झाल्यावर सुचलं. त्यांनी कदमला उचलून आणलं तेव्हा त्याची बाटली संपली होती आणि तोंड निळं पडलं होतं. उजव्या हातात पाना तसाच होता. मी आयुष्यात एवढा हादरलो नव्हतो. वाळवंट, बंदुका, भिंती या सगळ्यांना मी भ्यालो होतो, आणि इतकं भयंकर काम केलं ते मी, हात धुऊन स्वच्छ उभा असलेल्या माणसाने.

कदम वाचला. बसऱ्याच्या दवाखान्यात आठ दिवस होता. मग आम्हा दोघांना तिकिटं दिली. निघताना गुरुंगने माझा हात हातात घेतला. "बताया तो सही आपने," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही. शाल बॅगेच्या तळाशी होती, तिथेच राहिली.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी कदमच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने गरम धपाटी आणि दही वाढलं. "घ्या भाऊजी, अजून एक. तुमच्यामुळं हे माघारी आले," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मी खाली मान घालून खात राहिलो.

कदम म्हणाला, "मला भ्या वाटलंच नाय बघा. भोंगा वाजला, केबिनमधी बसलो, बाटली लावली. म्हणलं, बिल्ला जोशीबुवांनीच फिरवलाय, त्येन्ला ठावं हाय. सांगतेत लगेच. नायतर पळालोच असतो की मी, दार कुठं लई लांब व्हतं?"

मग त्याला वाटलं, मला चिंचा द्याव्यात. त्या माळवदावर वाळत होत्या. तो जिना चढायला लागला आणि चौथ्या पायरीवर भिंतीला हात टेकून उभा राहिला. आता त्याला असाच दम लागतो. "काय नाय, व्हतंय," माझ्याकडे बघून हसत म्हणाला, आणि वर गेला. त्या चिंचा अजून आमच्या स्वयंपाकघरात तशाच आहेत.

गल्लीत लोक मला विचारतात, कसा होता परदेश? मी भिंतीचं सांगतो, समूनचं सांगतो, मित्राला कसं वाचवलं ते त्यांना आधीच ठाऊक असतं. मी नाही म्हणत नाही.

कदम, हे लिहिलेलं कुणाला द्यायच्या आधी मी रविवारी तुझ्याकडे येतोय, तुला वाचून दाखवायला. मला लगेच सांगता आलं नाही रे. चार मिनिटं लागली.