दाजींनी ऐकलेलं इंजिन

मी चौथी शिकलेला माणूस. नात राजारामपुरीत कॉम्प्युटर क्लासला जाते, तिनं हे टाईप केलंय. शब्द माझेच. भूतखेत, करणी, उतारे... जन्मात मानलं न्हाय. दसऱ्याला मशिनीला हारसुद्धा बायको घालायची. उद्यमनगरात चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, लाकडी मूठ कानाला, की आतला बिघाड खोलायच्या आधी सांगायचो. या कानाला खोटं म्हणणारा अख्ख्या कोल्हापुरात भेटला न्हाय.

लातूरच्या भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा. जैसलमेरच्या पुढं वाळवंटात एका ठेकेदाराची बोअरची गाडी होती, तिचा कॉम्प्रेसर सांभाळायला गेलतो. सोबत दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शालनचे मालक. जयसिंगपुरातली त्यांची नोकरी सुटलेली. शालन स्टँडवर म्हणाली, "दादा, धड नेतोयस, धडच आण."

एका सकाळी कॉम्प्रेसरचं इंजिन धरेना. कान लावला आणि म्हणालो, हेड गॅस्केट गेलं.

दाजी म्हणाले, "मेव्हणं, मला वाटतंय डिझेलचं नोझल चोंदलंय."

"तुम्हाला वाटाय काय जातंय? जावा, च्या टाका!"

बोअरवाली पोरं खदाखदा हसली. दाजींनी पाण्याची बाटली उचलली आणि टँकरच्या चाकोरीनं कॅम्पकडं चालू लागले. दोन कोस वाट. मी हाक मारली न्हाय. इंजिनचं हेड, म्हंजे वरचं झाकण, खोलत बसलो.

तासाभरात वाळूचं वादळ उठलं. थांबलं तेव्हा चाकोरी पुसून गेलती. दुपारी कॅम्पवरून टँकर आला. ड्रायव्हर भंवर म्हणाला, "रास्ते में तो कोई नहीं मिला, मिस्त्री."

टँकर घेऊन दोघं हुडकायला निघालो. ऊन असं की दार धरवत न्हवतं. एका ठिकाणी दाजींची बाटली सापडली... रिकामी. शालनला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

चारच्या सुमाराला भंवरनं बोट दाखवलं. वादळानं एक टेकाड अर्धं उघडं पाडलं होतं आणि त्यातून पत्र्याचा पंख वर आलेला. जुनं, लढाईचं विमान! नाक वाळूत गाडलेलं. आणि पंखाच्या सावलीला दाजी बसलेले. ओठ फाटलेले, पण जिवंत.

पाणी पाजलं. पहिलं काय बोलले असतील?

"मेव्हणं, इंजिन चालू केलासा ते बंद का केलासा?"

"कुठलं इंजिन?"

"अवो, आवाज ऐकत ऐकतच आलो की! मधनंच एक ठोका गाळत हुतं. हितं पोचलो आणि गप झालं."

आमच्या इंजिनचं हेड तर पोत्यावर पडलं होतं. आणि त्या मुलखात दुसरं इंजिन न्हवतं.

मी वाळू उकरली. विमानाच्या नाकाला स्क्रूड्रायव्हर लावला, मूठ कानाला. आत, खोल... टिक... टिक... टिक. नुकतं बंद केलेलं इंजिन निवताना जे बोलतं, ते. उन्हानं पत्रा तडतडतो तो आवाज वेगळा. तेवढं मला कळत न्हाय व्हय? भंवरला ऐकायला दिलं. त्यानं मूठ कानाला लावली आणि टाकून टँकरकडं पळाला.

चार दिवसांनी फौजेची माणसं आली. साहेब म्हणाला, दुसऱ्या महायुद्धातलं हरवलेलं विमान, पन्नासेक वर्षं गाडलेलं. मी म्हणालो, एक व्हॉल्व्ह बघा, ठोका गाळतोय. ते हसले. पण खोललं. आत वाळू भरलेली, पिस्टन गंजून जाम. आणि एक व्हॉल्व्ह वाकडा.

लोक म्हणतात उन्हानं दाजींना भास झाला. मग मला काय झालं? सावलीत बसून, पाणी पिऊन ऐकलंय मी. माझा कान खोटा म्हणणार असाल तर समोर येऊन म्हणा. पण ते इंजिन कसं चाललं, ते मला आजही सांगता येत न्हाय.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली न्हाय. त्या रात्री दाजींना कॅम्पवर सोडून मी बोअरवर परत गेलो आणि आमचं इंजिन पुन्हा बघितलं. हेड गॅस्केट चांगलं होतं.

दाजी, नोझलच चोंदलं होतं. तुमचंच बरोबर होतं.