मालकांचा थायरॉईड

दवाखाना मागं लागला की गोळ्यांच्या आधी किस्सेच साठतात. एक सांगाया बसावं तर दुसरा मधीच घुसतो!

तर ऐका. बेल्ह्याच्या शिवारात एक घर व्हतं. घरात किसनभाऊ नावाचा बैलांचा दलाल, त्याची बडबडी बायको, लेक बाळू आन सून रेखा. बायको म्हंजी मी. मालकांची जीभ अशी, की बाजारात त्यांच्याशी वाद घालाया माणसं लांबून यायची. तो माणूस हळूहळू गप झाला. बाजार सुटला. दिवसभर बाजंवर पेंगायचा. बाळू म्हणाला, "आई, वय झालं त्यांचं." माझा जीव मात्र जाग्यावर न्हाई.

*

वैशाखाचं ऊन, आन मालक स्वेटर घालून, कानटोपी चढवून वट्यावर! शेजारचा तुका म्हणाला, "किसनभाऊ, बर्फ पडायचाय का काय?"

एरवी तुकाच्या चार पिढ्या निघाल्या असत्या. मालक नुसतं म्हणाले, "पडंल."

तवा मी घाबरले!

*

घरचा खोंड बघाया लोणीचं पावणं आलं. मुद्दाम पाडून भाव सांगितला. मालक डोळं न उघडता म्हणाले, "बरं."

पावणं हादरलं. "भाऊ, रागावला का काय?" म्हणत आपणच भाव चढवला.

"बरं."

आणिक चढवला!

*

एका डॉक्टरनं सलाईन लावलं, दुसऱ्यानं टॉनिक दिलं. मंचरच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आन म्हणाला, "थायरॉईड मंदावलाय. पुण्याला स्पेशालिस्टला दाखवा."

रेखा बोलून गेली, "माझ्या मावशीला पण हाच हाय!" झालं! बायकांचा आजार म्हणून मालक लाजले. एसटीत कुणी विचारलं तर म्हणायचे, "मंडळीला दाखवाया चाललोय." मला खिडकीची जागा मिळाली, वर हुंगाया लिंबू!

पुण्यात नर्सनं पुकारलं, "किसन कोण?"

मालक मला ढोसत म्हणाले, "ऊठ, तुझा नंबर आला!"

*

डॉक्टर तरणा. गळा चाचपला, गोळी दिली. महिने गेले, फरक न्हाई. पुन्हा पुणं!

"गोळी कशी घेता?"

"चहाबरूबर."

"अहो, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यानं! पुढं तासभर चहा नको."

आजार कळला तवा पडलं नव्हतं एवढं मालकांचं तोंड पडलं.

पुढं एका सकाळी वट्यावरनं आवाज आला, "तास व्हायला काय सूर्य उलटा फिरायचाय? चहा आणा!"

रेखा पळत आली. "आत्या, मामा वरडले!" आमी दोघी दाराआड उभ्या, आणिक वरडतायत का ऐकत.

*

मागच्या खेपेला रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. मालकांनी विचारलं, "मग गोळी बंद कधी?"

"आजोबा, ही जन्मभर."

मालकांनी खांद्यावरचं उपरणं काढून डॉक्टरच्या हातावर टाकलं आन खाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव तोंडानं ठरत न्हाई, असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून. डॉक्टर माझ्याकडं बघाया लागला, "आजी, हे काय करतायत?"

मी म्हणाले, "जन्मभर त्यांना लई वाटतंय. तुमी पण दाबा!"

डॉक्टरनं काय दाबलं, त्या दोघांनाच ठावं. मालकांनी मान हलवली, पुन्हा दाबलं. डॉक्टरनं सगळा पंजाच आवळून धरला. सोडंचना.

मालकांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"माणूस पक्का हाय," मला म्हणाले. "चल लवकर, उद्या बाजार हाय!"