माझ्या बापाचं उदाहरण

"स्टँड अप," मिस म्हणाल्या. मी उभी राहिले.

नववीचा वर्ग. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळची इंग्रजी शाळा. फळ्यावर दोन रकाने. एकावर कॅपिटॅलिझम, दुसऱ्यावर सोशॅलिझम. मुलांना काही कळेना, म्हणून मिसनी सोपं उदाहरण शोधलं. ते वर्गातच बसलेलं होतं.

"पार्थ, तूपण उभा राहा. बघा मुलांनो, पार्थच्या पप्पांचा केळीचा व्यापार आहे. हिचे वडील त्यांच्याकडे घड वाहतात. सोशॅलिझम म्हणजे दोघांना सारखं. उद्या पार्थच्या पप्पांनी ट्रकची चावी हिच्या वडिलांना दिली, तर काय होईल?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मिस, ते ट्रकपण डोक्यावर घेतील!"

सगळा वर्ग हसला. पार्थ हसला. मिसही हसल्या, आणि मग "सायलेन्स" म्हणाल्या. पार्थला बसायला सांगितलं. मला सांगायचं विसरल्या. तास संपेपर्यंत मी उभी होते. बसू का, हे विचारायला माझं तोंड उघडलं नाही. मी कमी बोलणारी मुलगी. तेव्हाही आणि आजही.

शेवटी मिसनी फळ्यावर सार लिहिलं. जोखीम मालकाची, म्हणून नफा मालकाचा. मी ते उभ्या उभ्याच वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत तोच प्रश्न आला. मी तेच उत्तर लिहिलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. वर्गाच्या हसण्यापेक्षा त्या गुणांची लाज मला आज जास्त वाटते.

मिस वाईट नव्हत्या. मी पहिलीत आरटीईच्या मोफत जागेवर आलेली. घरी डिक्शनरी नाही हे कळल्यावर त्यांनी स्वतःची जुनी डिक्शनरी मला दिली होती. म्हणून तर राग आला नाही. एवढं चांगलं माणूस चुकीचं कसं शिकवेल?

त्या तासानंतर घरी जाऊन मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फळ्यावरचं सार मराठीत समजावून सांगितलं. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. कोरडवाहू जमिनीचा तुकडा चार भावांत वाटला गेला, तेव्हा आबा केळी कापणाऱ्या टोळीबरोबर सावद्याला आले ते इथलेच झाले. बोली मात्र घरात तिकडचीच, अहिराणी, राहिली.

आबा म्हणाले, "खरंच शे. बठ्ठं त्यासनंच शे. गाडी त्यासनी, माल त्यासना. आपला काय, खांदा शे फक्त."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "खांदा काय बजारमा फुकट भेटस?"

"तू गप ऱ्हाय. पोरगी इंग्रजी शिकी राहिनी."

मीही आबांच्याच बाजूने मान हलवली. आई शाळेत गेलेली नव्हती. तिचं काय ऐकायचं?

बारावीनंतर मी धुळ्याला आत्याकडे राहायला गेले, कॉलेजसाठी. दुसऱ्या वर्षी वादविवाद स्पर्धेचा विषय लागला, 'भारताला भांडवलशाहीच तारेल'. कॉलेजातल्या सरांनी बाजूने बोलणाऱ्या संघात माझं नाव घातलं. माझं इंग्रजी चांगलं आणि मी उलट बोलत नाही म्हणून. जिंकलेला संघ पुण्याला जाणार होता. मी पुणं पाहिलेलं नव्हतं. भाषण सरांनीच लिहून दिलं. मी पाठ केलं.

तालमीत मी एका वाक्याला अडले. 'जो जोखीम घेतो, तोच संपत्ती निर्माण करतो.' तीनदा अडले.

त्याच उन्हाळ्यात वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. बागवाल्यांचा विमा होता. पार्थच्या पप्पांनी दुसऱ्या तालुक्यातून माल उचलला. आबांची टोळी घरी बसली. टोळीचा विमा कोण काढतो? बसून होते म्हणून आबांना दुखरी मान दाखवायला वेळ मिळाला. मणका सरकला आहे, ओझं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कापणी पुन्हा सुरू झाली त्या सकाळी आबा कामावर गेले. परदेशी जाणाऱ्या केळीच्या दोन फण्यांमध्ये फोमचा तुकडा घालतात, सालीवर ओरखडा उठू नये म्हणून. आबांच्या खांद्यावर जुन्या गोधडीचा तुकडा असतो. तोही आईने घरून दिलेला.

हे सगळं त्या एका वाक्यापाशी माझ्यासमोर उभं राहिलं. मी सरांना विचारलं, "सर, मी विरुद्ध बाजूने बोलू का?"

"का गं?"

मी सांगितलं. आबा काय काम करतात हे कॉलेजात पहिल्यांदाच सांगितलं. अडखळत, खूप वेळ लावून. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट वाटलं ऐकून. पण बेटा, हे पर्सनल झालं. विचार करताना आपलं घर बाजूला ठेवायचं असतं."

मी खाली बसले. मग संघातला दुसरा मुलगा उठला. कापड दुकानदाराचा नातू. त्याने सुरुवात केली, "माझ्या आजोबांनी सायकलवर गाठोडं बांधून कापड विकलं. आज आमची तीन दुकानं आहेत."

सरांनी टेबलावर हात मारला. "हे! असं जिवंत उदाहरण पाहिजे!"

मी वहीकडे बघत राहिले. त्याच्या आजोबांची सायकल म्हणजे उदाहरण. माझ्या बापाची मान म्हणजे पर्सनल. आणि मग आठवलं, माझा बापही एकदा उदाहरण झाला होता की. नववीत. भर वर्गात. तेव्हा कुणी मिसना म्हणालं नाही, हे पर्सनल झालं. मालकाच्या बाजूने सांगितला तर माझा बाप अर्थशास्त्र होतो. मी सांगितला की रडगाणं.

"सर, माझं नाव काढा."

"पुण्याला जायचं नाही का तुला?"

"जायचं आहे. पण नाव काढा."

स्पर्धेच्या दिवशी दोन्ही संघ बोलून झाल्यावर श्रोत्यांना दोन-दोन मिनिटं होती. मी हात वर केला. स्पर्धा इंग्रजीत होती, मी मराठीत बोलले. वादळ सांगितलं, विमा सांगितला, फोम आणि गोधडी सांगितली. जोखीम नेमकी कुणाची, एवढंच विचारलं.

परीक्षक एक कारखानदार होते. ते हसून म्हणाले, "म्हणजे वडील हमाली करतात म्हणून तू समाजवादी. बरोबर?"

सभागृह हसलं.

"हो," मी म्हणाले. "आणि सर, तुम्ही कशामुळे भांडवलवादी? तुमचे वडील काय करायचे?"

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"दॅट्स नॉट द पॉइंट."

"मग माझ्या वडिलांचं का काढलंत?"

वेळ संपली, असं सांगून संयोजकांनी माइक काढून घेतला. संघ माझ्याशिवाय पुण्याला गेला.

सुट्टीत घरी आल्यावर आबांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "एवढा मोठा माणूसले अशी बोलनी तू? उद्या मालकनी माले काढी टाकं तर?" आबा आजही मालकाच्याच बाजूचे आहेत. त्यांना एक जुनी पिकअप घ्यायची आहे, स्वतःचा माल भरायचा आहे. एकाच घरात, एकाच तव्यावरची भाकरी खाऊन त्यांचं मत वेगळं आणि माझं वेगळं. म्हणजे घर तयार मत देत नाही. घर फक्त काय काय दिसलं ते देतं. आबांना ओझ्याखालून पिकअप दिसते. मला आबा दिसतात.

आता मी वाचते आहे. जिथे सगळं सरकारच्या ताब्यात गेलं तिथेही कुणाच्या तरी खांद्यावर ओझं होतंच आणि बोलणाऱ्यांची तोंडं बंद केली गेली, हेही वाचलं. समाजवादाकडे सगळी उत्तरं आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यालाही मी इथूनच प्रश्न विचारणार आहे, टोळीत उभी राहून. मधोमध जागा नसते. मधोमध उभे आहोत असं म्हणणारे मला बहुतेक वेळा मालकाच्या ट्रकच्या सावलीतच दिसले.

या सुट्टीत टोळीतले लोक घरी आले होते. वादळाने काम बंद पडलं तर निम्मी तरी मजुरी, आणि पाठ-मानेच्या औषधपाण्याचा खर्च. एवढंच त्यांना मागायचं आहे. अर्ज कोण लिहिणार, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिहिला. सात जणांनी सह्या केल्या. आबांनी नाही केली. मी आग्रह धरला नाही. त्यांची भीती खरी आहे, ती मी माझ्या शौर्यासाठी मोडणार नाही.

पहिल्या ओळीत मी 'नम्र विनंती' लिहिलं होतं. ते खोडलं. 'आमची मागणी' लिहिलं. अर्ज पार्थच्या पप्पांच्या ऑफिसात सोमवारी द्यायचा आहे. तो मी देणार आहे. त्यावर आबांची सही नसेल. खाली, अर्ज लिहिणारी म्हणून, माझं नाव असेल. आबांच्या आडनावासकट.