पांढऱ्याशुभ्र मेणबत्त्या

नातवाने वाढदिवसाची मेणबत्ती फुंकली. विझलेल्या वातीचा वास नाकात शिरला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महायुद्धात संग्रामपूरला घासलेट मिळेना, तेव्हा सासूबाई घरीच मेणबत्त्या ओतत. बाजारचं पांढरं मेण चैत्राच्या उन्हात मऊ पडे, म्हणून त्या त्यात मधाच्या पोळ्याचं पिवळं मेण मिसळत. शाळेच्या समारंभाला नागपूरचा साहेब येणार होता, आणि मांडवातल्या मेणबत्त्या आमच्याच घरून जायच्या होत्या. सासरे म्हणाले, "पिवळं टाकू नको. पांढऱ्याशुभ्र पायजेत."

"उन्हात माना टाकतीन जी," सासूबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते?"

दुपारीच मांडवात उभ्या करून ठेवलेल्या साऱ्या मेणबत्त्या साहेब येईपर्यंत वाकल्या. सासरे हसत म्हणाले, "बायकोनं केल्या, साहेब. तिले काय समजते!" सारा मांडव हसला. मला सगळं ठाऊक होतं. नवी सून मी, पदराआड गप्प राहिले.

पुढे हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात निघायचा, सासूबाई पंगतीत वाढत असताना. त्यांच्या तेराव्यालाही निघाला. तेव्हाही मी गप्पच.

आज नातवाला हात धरून बसवलं.

"ऐक बे. त्या मेणबत्त्या तुह्या पणज्यानं वाकवल्या होत्या."