हळू पळ, मीनल!

माझी फजिती ऐकायचीय? मग चहा आधी ओता, कारण ऐकून झाल्यावर तुम्ही मला चहा द्याल याची खात्री नाही!

माझी पुतणी मीनल, वय चोवीस. तिला गोष्टी समजायला थोडा वेळ लागतो. पण ती पळायला लागली की शाहपुऱ्याच्या तळ्यावरचे सगळे मॉर्निंग वॉकवाले बाजूला होतात! तिच्यासारख्याच खेळाडूंची शंभर मीटरची शर्यत होती, इथेच भोपाळला. मेडलसाठी पोरीनं वर्षभर घाम गाळलेला. दादाची गोविंदपुऱ्यात ड्यूटी, वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तिला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

सकाळी आधी चाचणी होती. जन्मभर फुकट सल्ले वाटणारा मी, तिथं गप्प बसेन? तिच्या कानात सांगितलं, "आत्ता हळू पळ. ताकद दुपारसाठी ठेव." ती नुसती हसली. मी निवांत पोहे खायला गेलो, चाचणी बघितलीसुद्धा नाही.

दुपारी तिच्या कोच मॅडम सहज म्हणाल्या, "अंकलजी, सुबह के टाइम से ही बराबरी के ग्रुप बनते हैं. फायनल में कोई बहुत ज्यादा तेज निकला, तो बाहर!"

"बाहर? क्यों?"

"मतलब सुबह जानबूझकर धीरे दौडा. बेईमानी हुई ना!"

बेईमानी! वर्षभराची मेहनत मी एका वाक्यात बुडवली होती! वहिनीला काय तोंड दाखवू? मॅडमना खरं सांगून टाकावं? पण छातीच होईना हो! तेवढ्यात शिट्टी झाली.

मीनल सुटली ती सुटलीच! सगळं मैदान ओरडतंय, "भाग मीनल, भाग!" आणि मी एकटा कठड्यावर चढून बोंबलतोय, "हळू! अगं हळू! मीनल, धीरे!"

शेजारच्या गृहस्थांनी माझा शर्ट ओढला. "भाईसाब, आप हैं किसकी तरफ?"

"मैं उसी का चाचा हूँ!"

"ऐसा चाचा?" म्हणत ते चार पावलं लांब सरकले.

मीनल पहिली आली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मॅडमना शोधत होतो. आता माइकवरून तिचं नाव कापणार! शेवटी मॅडमसमोर हात जोडले. "गलती मेरी है. सुबह मैंने ही उसे धीरे दौडने को कहा था. उसे बाहर मत कीजिए!"

मॅडमनी वेळा लिहिलेला कागद बघितला. "लेकिन अंकलजी, दोनों टाइम तो लगभग एक जैसे हैं."

मीनल धापा टाकत आली. "काका, सकाळी मी फुल स्पीडनंच पळली होती. तुमचं ऐकलंच नाही. मॅम रोज सांगते, रेस म्हणजे पूरी ताकत."

"अगं, मग मला सांगायचं नाही का? जीव जायची वेळ आली होती माझी!"

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मॅडमना अगदी समजुतीनं म्हणाली,

"मॅम, काका को आराम से समझाना. उनको थोडा टाइम लगता है."